सैनिकाच्या नावाचा फेरफार

पाचोडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेचा सातबारा हाती घेतला, तर त्यावर मेलेल्या माणसांची नावेही वाचता येतात. खातेदार निवर्तला तरी त्याचे नाव पुसले जात नाही. त्याला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो आणि खाली वारसांची नावे चढतात. लिहिण्यात चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते, आणि त्यासाठी पैठणच्या तहसीलपर्यंत गेले की पुरते. त्याच घरातला एखादा पुरुष पलटणीत गेला असेल आणि त्याची नोंद चुकली असेल, तर त्याच्या नावाचा फेरफार कोठे करायचा, या प्रश्नाला मात्र इतके सोपे उत्तर नाही.

या धाग्याचा विषय तो फेरफार आहे. सैनिकाच्या सेवेची नोंद, त्याला मिळालेले किंवा न मिळालेले पदक, त्याच्या मृत्यूची तारीख, त्याच्या पत्नीचे नाव: ही कारकुनी कामे समजली जातात आणि इतिहासाच्या चर्चेत त्यांना जागा नसते. लढाई, सेनापती आणि डावपेच यांवर धागे होतात. हजेरीपटावर कोणी लिहीत नाही. वस्तुतः सामान्य शिपायाचा इतिहासात शिरण्याचा एकमेव दरवाजा म्हणजे हजेरीपट. तो दरवाजा चुकीच्या नावाने बंद झाला, तर तो माणूस कुटुंबाच्या आठवणीपुरता उरतो, आणि आठवण तीन पिढ्यांपलीकडे फारशी टिकत नाही.

पाचोड आज संभाजीनगर-बीड महामार्गावरचे, मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि येथूनच नोंदींचा गुंता सुरू होतो. त्या काळी या भागातला तरुण ब्रिटिश हिंदी फौजेत गेला, तर त्याचे कागद एका सरकारकडे जात. संस्थानी फौजेत गेला, तर दुसऱ्याकडे. एकाचे कागद इंग्रजीत, दुसऱ्याचे उर्दूत. स्वातंत्र्यानंतर भरती झालेल्याचे दप्तरही गावाजवळ नसते. तो मराठा लाइट इन्फन्ट्रीत असेल तर बेळगावला पत्र टाकावे लागते, महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्यात असेल तर नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्समध्ये असेल तर खडकीला. एकाच गल्लीतील चार सैनिकांचे आयुष्य चार गावांतल्या कपाटांत असते.

चुका होतात कशा, हे मराठी घराला वेगळे सांगावे लागत नाही. लग्नात सुनेचे केवळ आडनाव नव्हे, नावही बदलण्याची रीत होती. सैनिकाने नोंदवलेले नाव सासरचे, शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे आणि आधारवर तिसरेच. नवरा हयात असेतो कोणाचे काही अडत नाही. तो गेला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज झाला, की कागदावर एका बाईच्या तीन बायका होतात. आडनावाच्या जागी कधी ‘पाटील’ ही गावकी चिकटते. जन्मतारीख शाळेत गुरुजींनी ठरवलेली १ जून असते. गावाचे नाव रोमन लिपीत गेले, की पाचोड आणि जळगाव जिल्ह्यातील पाचोरा यांच्यात एखाद-दोन अक्षरांचेच अंतर उरते. इटलीतील सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव यांचे आडनावसुद्धा इंग्रजी लेखनात सर्वत्र एकसारखे आढळत नाही. सर्वोच्च पदक मिळवणाऱ्याची ही कथा, तर बाकीच्यांचे काय सांगावे!

यातील काही चुका बेफिकिरीच्या असतात, काही अज्ञानाच्या. पण अशीही एक जात आहे की जिला चूक म्हणणे सौम्यपणाचे ठरेल. कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाची केवळ संख्या मोजायची, हे जेथे आधीच ठरवले गेले, ती ही जात. तिचे सर्वांत मोठे उदाहरण इराकच्या वाळवंटात उभे आहे, आणि त्याचा संबंध थेट मराठी मुलखाशी आहे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी पहिली मोठी फौज उतरली तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी त्या आघाडीवर लढल्या. तिग्रिसच्या काठावर कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की वेढा पडला. उपासमार, रोगराई आणि सोडवणुकीचे फसलेले प्रयत्न यांनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. वेढ्यातून जिवंत सुटलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. त्या वाटेवर आणि पुढे कैदेत किती मेले, याचा हिशेब लावणेही अवघड गेले. दख्खनच्या आणि कोकणच्या गावांतली ही माणसे. त्यांच्यापैकी पुष्कळांना थडगे नाही की समाधी नाही.

थडगे नसलेल्यांसाठी १९२९ साली बसरा स्मारक उघडण्यात आले. मेसोपोटेमियात मेलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे ते स्मारक आहे आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी फौजेचे आहेत. त्याच्या फलकांवर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरलेले आहे. हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायाचे मात्र नाही. तेथे पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने संपूर्ण स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले गेले. दगड हलले, आकडे तसेच राहिले.

नावे माहीत नव्हती, ही सबब येथे चालत नाही. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत, साध्या शिपायांसकट. तेच साम्राज्य, तीच फौज, तेच युद्ध. युरोपच्या डोळ्यांसमोर मेलेल्याला नाव मिळाले. आशियातल्या वाळवंटात मेलेल्याला संख्या मिळाली. मराठी मुलखातल्या अनेक गावांत त्या युद्धाच्या आठवणीची संगमरवरी पाटी दिसते. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत, एवढाच तिचा मजकूर. त्या पाट्या पाहिल्या म्हणजे बसऱ्याचा हिशेब गावापर्यंत कसा पोचला होता ते कळते. पदकांतही हीच उतरंड होती: युद्धातील सेवेचे जे पदक शिपायाला चांदीचे मिळाले, तेच मजूर तुकड्यांतल्या माणसाला काशाचे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाला हे जाहीर मान्य करायला एप्रिल २०२१ उजाडावा लागला. आयोगाने नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणि किमान १,१६,००० जण, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने स्मरलेच गेले नाहीत किंवा त्यांचे मुळीच स्मरण झाले नाही. यांत हिंदी, आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील माणसे प्रामुख्याने होती. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. बसऱ्याच्या अनेक हिंदी शिपायांची नावे आज आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. म्हणजे नावे होती. त्यांच्यावर दगड आणि छिन्नी खर्च करावी असे कोणाला वाटले नव्हते.

हा पक्षपात महायुद्धात जन्मला असे मानण्याचे कारण नाही. त्याचा आणखी जुना दाखला मराठवाड्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. कंपनीच्या बाजूने त्या दिवशी मद्रासी शिपाई मोठ्या संख्येने लढले आणि पडले. याच वेलस्लीने, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर, १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई जिंकली. वॉटर्लूचे पदक लगोलग पुढच्याच वर्षापासून वाटले गेले, आणि लढाईत पडलेल्यांच्या आप्तांनाही ते मिळाले. असईचे पदक मंजूर व्हायला १८५१ साल उजाडले. अठ्ठेचाळीस वर्षांनी! तेही केवळ हयात असलेल्यांसाठी. विशीत लढलेला शिपाई तोवर सत्तरीला टेकला होता. जो लढाईत पडला किंवा मधल्या काळात वारला, त्याच्या घरी काहीच गेले नाही. पदक उशिरा देण्याची युक्ती ही की मागणारे कमी होत जातात.

शिपायांनी हे सगळे मुकाट्याने सोसले, असेही नाही. १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्ताच्या नावाखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांचे आजे-पणजे मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढले, त्यांना अचानक सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये मुंबईच्या सरसेनापतीला उद्देशून अर्ज लिहिला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. त्यांचा मुख्य आधार सैनिकी सेवेचा होता. तुमच्याच दप्तरात आमची चाकरी लिहिलेली आहे, ती वाचा, असे त्या मागणीचे सार होते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली होती. ती कोणत्याही सिद्धान्ताने पुसता येत नव्हती. सरकारने १९१७ मध्ये, माणसे कमी पडू लागल्यावर, १११वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ यावा लागला, पुन्हा महायुद्धातच. कोरलेले नाव आणि नुसता आकडा यांत काय फरक असतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही. कोरेगावच्या नावांनी शंभर वर्षांनंतर वंशजांची बाजू मांडली. बसऱ्याचा आकडा कोणाची बाजू मांडणार?

स्वतंत्र भारतात अशी जाणूनबुजून केलेली उतरंड नाही, हे मान्य करायला हवे. परंतु यंत्रणेला आपली चूक कबूल करण्याचे जडच जाते. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्म पुण्याचा. शालेय वयात खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी भरलेल्या अर्जात जन्मवर्ष १९५० पडले. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर ते १९५१ होते. पुढे सैन्याच्याच एका शाखेच्या दप्तरात एक वर्ष आणि दुसऱ्या शाखेच्या दप्तरात दुसरे, अशी स्थिती दशकानुदशके चालली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये याचिका मागे घेण्यात आली. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा येथे मुद्दा नाही. दोन तारखा एका छताखाली चाळीस वर्षे सुखाने नांदू शकतात, आणि त्या छताखालच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही त्यांचा मेळ घालता येत नाही, हे पाहण्यासारखे आहे. बेळगावला तिसरे स्मरणपत्र धाडणाऱ्या पाचोडच्या वृद्ध हवालदाराने मग काय आशा धरावी?

नामसाधर्म्याचा घोळ तर परमवीरचक्रालाही सुटला नाही. १९९९ मध्ये टायगर हिलवर लढलेले १८ ग्रेनेडिअर्सचे योगेंद्रसिंह यादव यांचा सन्मान आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाला. ते इस्पितळात उपचार घेत होते आणि धारातीर्थी पडलेले त्याच नावाचे दुसरे सैनिक होते. ती चूक लवकर सुधारली, कारण साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. लक्ष नसते तेथे किती वेळ लागतो, हे मोजण्याचे साधन नाही.

आता दुसरी बाजू. मराठवाड्याला ती कोणी शिकवायला नको. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील खरे स्वातंत्र्यसैनिक उपेक्षेत असताना बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण इतके वाढले की २००५ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. तेव्हा ‘आजोबा लढले होते’ एवढ्यावर नोंद बदलू नये, हे म्हणणे रास्तच आहे. घरातल्या कथेत आजोबा हमखास सुभेदार असतात. कागदावर बहुधा नाईक निघतात. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने कागद बाजूला सारून कथा रेटणे म्हणजे बसऱ्याच्या कारकुनाचीच चूक उलट्या दिशेने करणे होय. नाईक निघाले तर नाईक लिहावे. त्यात कमीपणा कसला? यशवंत घाडगे हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईकच होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते पडले, त्यांची समाधी सापडत नाही, आणि कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

पण पुराव्याचा आग्रह आणि पुराव्याचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. पुरावा हवा, यात वाद नाही. तो कोणी शोधायचा? भरतीचा अर्ज, शीट रोल, वैद्यकीय नोंद, पदकांची यादी हे सारे सरकारजवळ आहे. विधवेजवळ एक जीर्ण डिस्चार्ज बुक आणि पिवळा पडलेला फोटो आहे. असे असता शपथपत्र तिने करायचे, राजपत्रात नाव तिने छापायचे आणि कपाट उघडण्याची तसदी मात्र कोणी घ्यायची नाही, ही रीत अन्यायाची आहे. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्यावर शोधण्याची जबाबदारी. दप्तर शोधूनही मिळाले नाही, तरच कुटुंबाकडे बोट दाखवावे.

शोधणे अशक्य असते, ही सबब मराठवाड्यात तरी यापुढे कोणी देऊ नये. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली आणि उर्दू, मोडी वाचणारी माणसे हुडकून कामाला लावली गेली. त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो. सरकारने मनावर घेतले की जुने दप्तर बोलते, हे तेव्हा गावोगाव दिसले. तेच डोळे संस्थानी फौजेच्या आणि महायुद्धांच्या कागदांवरूनही फिरू शकतात.

दुरुस्ती कशी असावी, याचे उत्तर सैन्याच्या स्वतःच्या पद्धतीत आहे. सैनिकाचे लग्न, अपत्य, बदली, जखम हे सारे पार्ट टू ऑर्डरने नोंदवले जाते. ती ऑर्डर चुकीची निघाली, तर फाडून टाकत नाहीत. तिला दुरुस्त किंवा रद्द करणारी दुसरी ऑर्डर निघते. जुनी राहते, नवी तिच्यावर बसते. सातबाऱ्यावरचा कंस तो हाच. नाव बदलले, केव्हा बदलले, कोणत्या पुराव्यावर बदलले, हे तिन्ही पुढच्या वाचकाला दिसले पाहिजे. बसऱ्यालासुद्धा उद्या नावे कोरली गेलीच, तर ते जुने आकडे पुसू नयेत. शंभर वर्षे तेथे आकडे होते, हाही इतिहासच आहे.

पाचोड परिसरातील ज्या तरुणांना या कामात हात घालायचा असेल, त्यांनी आरंभ संभाजीनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करावा. अर्जात सैनिक क्रमांक आधी लिहावा, नाव नंतर, कारण नावाची माणसे अनेक असतात आणि क्रमांकाचा एकच. अभिलेख कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागावा. त्याविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते आणि तेथे तोंडी नकाराला किंमत नसते. घरात पहिल्या महायुद्धाचे पदक असेल, तर दर्शनी बाजूच्या राजमुद्रेकडे नव्हे, कडेकडे पाहावे. तेथे बारीक रोमन अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दिवाळीला भांड्यांबरोबर ते पदक चिंचेने लख्ख घासण्याची पद्धत काही घरांत आहे. ती बंद करावी आणि कडेचा फोटो आजच काढून ठेवावा.